वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोचा मका आणि आपली करडई

रब्बीची पेरणी तोंडावर आली की रोहिणखेड परिसरात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला जुनाच आहे: ओलीत नसलेल्या रानात हरभरा सोडून काय पेरावे? दुसरा अलीकडचा आहे. तेलापासून गाड्यांचे, विमानांचे इंधन होणार असे ऐकतो, मग त्यासाठी करडई, जवस किंवा एखादे नवे तेलबियांचे पीक घ्यावे का? या दुसऱ्या प्रश्नावर वयस्क मंडळी हसतात, कारण त्यांना मोगली एरंड आठवतो.

मोगली एरंड म्हणजे सरकारी कागदावरची रतनज्योत. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी या झुडपाची शिफारस केली. पडीक जमिनीत येते, पाणी मागत नाही, जनावर तोंड लावत नाही आणि बियांत ३० ते ३५ टक्के तेल असते, असा सगळा हिशेब होता. बांधावर, गायरानात, माळावर रोपे लागली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट लिहिले गेले. पुढे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. झाडे जगली, पण फळली नाहीत. जी फळली ती एकाच वेळी पिकली नाहीत, त्यामुळे तोडणीची मजुरी बियांच्या किमतीपेक्षा जास्त झाली.

चूक झुडपाची नव्हती. रतनज्योत हे अजून पीक झालेलेच नव्हते, ते रानझुडूप होते. रानझुडपाची निवड करून, पिढ्यामागून पिढ्या त्याला उताऱ्यासाठी घडवून मगच ते शेतकऱ्याच्या हाती द्यायचे असते. ते काम न करता रोपे वाटली गेली. या झुडपाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. रानगवताच्या जवळचे पीक घेऊन त्यातून दुष्काळ व कडाक्याची थंडी सोसणारे वाण कसे काढावेत, याचे काम त्याच मेक्सिकोत वर्ध्याहून गेलेल्या एका माणसाने १९२० च्या दशकात हाती घेतले होते. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शेतीतले त्यांचे काम मात्र आपल्याच विदर्भात फारसे कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

दुष्काळात वाढलेला मुलगा

खानखोज्यांचा जन्म १८८० च्या दशकातला, बालपण वर्ध्यात, पुढचे शिक्षण नागपुरात. त्यांच्या शाळकरी वयात वऱ्हाड आणि मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ कोसळले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसऱ्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात आणि आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात तो अजून येतो. लोक उपाशी मरत असताना रेल्वेने धान्य बाहेर जात होते. त्या पिढीतल्या अनेक तरुणांच्या मनात इंग्रजी राज्याविषयी जो राग होता, त्याची मुळे इथे आहेत. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव पडला आणि हा मुलगा घर सोडून बाहेर पडला. आधी जपान, तिथून अमेरिका. १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले होते, त्यानंतरचा हा काळ.

त्यांना दोन गोष्टी शिकायच्या होत्या, शस्त्र आणि शेती. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस या लष्करी शाळेत त्यांनी प्रशिक्षण घेतले. ओरेगॉनमध्ये आणि नंतर वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन इथल्या कृषी महाविद्यालयात शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. १९१३ च्या सुमारास ते पुलमनमधून पदवी घेऊन बाहेर पडले.

पुलमनपाशी थोडे थांबू, कारण खानखोज्यांनी शेती जिथे शिकली ती जमीन आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजण्यासारखी आहे.

पुलमनच्या आसपासच्या टेकड्यांना पलूस म्हणतात. पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर. पश्चिमेकडे सरकत गेले की तो ३०० च्या खाली येतो. बराचसा पाऊस हिवाळ्यात, तोही बर्फाच्या रूपात पडतो आणि उन्हाळा कोरडाठाक जातो. कमी पावसाच्या पट्ट्यात शेतकरी एक वर्ष जमीन पडीत ठेवून, वरचेवर कुळवून ओल साठवत आणि दुसऱ्या वर्षी गहू घेत. गहू शरद ऋतूत पेरायचा, रोपे बर्फाखाली हिवाळा काढायची आणि वसंतात वाढायची. अडचण अशी की तिथे चालणारे गव्हाचे वाण मुळात वसंतात पेरण्याचे होते. शरदात पेरले तर एखाद्या कडक हिवाळ्यात सगळे रान जळून जाई. दुसरीकडून आणलेले हिवाळी वाण थंडी सोसत, पण लोळत.

याच महाविद्यालयात विल्यम स्पिलमन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९९ पासून या दोन प्रकारच्या गव्हांचे संकर सुरू केले. एकाची थंडी सोसण्याची ताकद, दुसऱ्याचा ताठ उभा राहणारा दांडा. दुसऱ्या पिढीत झाडे ठरावीक प्रमाणात वेगळी होतात हे त्याने पाहिले आणि १९०१ मध्ये जाहीर केले. मेंडेलचे विसरले गेलेले नियम जगाला पुन्हा सापडत होते, त्याच सुमारास तो स्वतःच्या वाफ्यांवरून त्याच निष्कर्षाला आला. खानखोजे पुलमनला पोहोचले तेव्हा स्पिलमन तिथून गेलेला होता, पण त्याच्या संकरातून निघालेले गहू त्या भागात पेरले जात होते. खानखोज्यांना तिथे शिकता येण्यासारखी मोठी गोष्ट हीच होती. काटकपणा हा पिकाचा असा गुण आहे की तो एका झाडातून दुसऱ्यात आणता येतो, आणि उतारा न गमावता आणता येतो.

इथे विस्तार कार्यकर्त्यांसाठी थोडे शास्त्र. थंडी सोसणे आणि दुष्काळ सोसणे हे बऱ्याच अंशी एकाच प्रकारचे गुण आहेत. कडक थंडीत पानातल्या पेशींच्या बाहेरचे पाणी आधी गोठते. तो बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी आतून कोरडी पडते. म्हणजे गारठ्यात मरणारे रोप बहुधा तहानेनेच मरत असते. ज्या झाडाच्या पेशी पाणी धरून ठेवतात, कोरडे पडूनही फाटत नाहीत, ते झाड दोन्ही संकटांत तग धरते. म्हणून कोरड्या आणि थंड प्रदेशासाठी वाण शोधताना दोन्ही परीक्षा एकदम घेता येतात.

दशकभर शेतीविना

१९१३ मध्येच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर खानखोजे होते आणि लष्करी बाजू त्यांच्याकडे होती. पंजाबातून आलेले लाकूड गिरण्यांतले मजूर आणि शेतमजूर हे या चळवळीचे बळ होते. महायुद्ध सुरू होताच खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. बलुचिस्तानातून हिंदुस्थानात शिरायचे असा बेत होता. दक्षिण इराणातल्या टोळ्यांबरोबर ते इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले, वेश पालटून राहिले. युद्धानंतर बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को. परत मायदेशी येण्याची वाट बंद होती. इथे पाय ठेवला असता तर तुरुंग किंवा फास ठरलेला.

या काळाविषयी क्रांतीच्या इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तो झटपट ओलांडतो. आपल्या कामाची गोष्ट १९२४ मध्ये सुरू होते. त्या वर्षी खानखोजे मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी महाविद्यालयात शिकवू लागले. वय चाळिशीच्या आसपास. शेतीशास्त्र शिकून दशक उलटले होते आणि नांगराला हात लावायला सवड मिळाली नव्हती.

चापिंगोचे पठार

चापिंगो हे मेक्सिको शहराजवळचे ठिकाण. आधी ती एका जमीनदाराची हवेली आणि जहागीर होती. १९१० ते १९२० या मेक्सिकन क्रांतीनंतर तिथे शेतीचे महाविद्यालय आणले गेले. जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे २२५० मीटर उंच. आपले बुलढाणा घाटावर असूनही याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच उंच भरते. पाऊस आपल्यासारखाच, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, बाकी वर्ष कोरडे. फरक एवढाच की ऑक्टोबरपासून रात्री दहिवर गोठू लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत हा धोका राहतो. जूनमध्ये पाऊस आल्यावर मका पेरला तर दाणे भरण्याच्या वेळी गारठ्यात सापडतो. आधी पेरावा तर जमिनीत वरच्या थरात ओल नाही.

तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांत याला तोड काढली होती. मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या दोन-तीन महिने आधी, मागच्या हंगामाची ओल जिथे उरली आहे तिथपर्यंत खड्डा घेऊन बी खोल टाकायचे. आपण हरभरा ओलीला लागावा म्हणून तिफण खोल धरतो, तोच विचार, फक्त कितीतरी जास्त खोल. साधा मका एवढ्या खोलीवरून वर येत नाही. तिथले देशी वाण येत, कारण बियापासून पहिल्या गाठीपर्यंतचा त्यांचा कोंब विलक्षण लांबतो. त्यांच्या पानांच्या आवरणावर दाट लव असते आणि खोड जांभळट असते. हे दोन्ही थंड पठारावरच्या मक्याचे ओळखीचे गुण आहेत.

खानखोज्यांना हे सगळे वाण शेतकऱ्यांच्या घरी, कणसांच्या लोंबत्या माळांमध्ये मिळाले. त्यांनी मका, गहू, कडधान्ये आणि रबर यांवर काम केले आणि दुष्काळ व दहिवर सोसणारे वाण काढले. मक्यात त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. चापिंगोच्या आसपासच्या मक्याच्या शेतांत तेओसिंते नावाचे गवत तण म्हणून उगवते. ते मक्याचे रानटी नातेवाईक. त्याला बोटभर कणीस येते, त्यात जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. पण एका झाडाला फांद्या अनेक आणि कणसेही अनेक. ते काटक असते आणि मक्याशी त्याचा आपोआप संकर होतो. खानखोज्यांनी हा संकर मुद्दाम केला. रानगवताचा काटकपणा आणि अनेक कणसे धरण्याची सवय मक्यात आणायची, दाण्याचा आकार मात्र मक्याचाच ठेवायचा, असा त्यांचा प्रयत्न होता.

१९३० मध्ये त्यांनी नव्या मका वाणांविषयी लिहिले. १९३६ मध्ये हाताच्या बोटांसारख्या फुटलेल्या कणसाच्या एका मक्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या कणसांची छायाचित्रे पाहिली की कुणालाही भुरळ पडेल. कृषिशास्त्रज्ञ म्हणून मी इथे थोडा हात राखून बोलतो. एका झाडाचे डोळे दिपवणारे कणीस आणि एकरी उतारा या वेगळ्या गोष्टी आहेत. आज जगभर जो मका पिकतो तो बहुतेक एका झाडाला एक कणीस धरणारा, दाटीत उभा राहणारा मका आहे. फुटलेल्या कणसाचा मका मोठ्या पेऱ्यात टिकला नाही. खानखोज्यांचे मोठेपण मला त्या कणसात दिसत नाही, ते त्यांच्या कामाच्या पद्धतीत दिसते.

शेतकऱ्यांच्या शाळा

क्रांतीनंतर मेक्सिकोत जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटल्या जात होत्या. जमीन मिळाली, पण बियाणे, अवजार आणि माहिती कुठून आणायची? चापिंगोत शिकणारी मुले पुढे सरकारी नोकरीत जात. कसणारा माणूस महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच राहत होता. खानखोज्यांनी १९२८ च्या सुमारास चापिंगोजवळच्या खेड्यांमध्ये मोफत शेतीशाळा काढायला सुरुवात केली. त्यांतल्या ओकोपुल्को इथल्या शाळेला शेतकरी क्रांतीचा नेता एमिलियानो झापाटा याचे नाव दिले होते. वर्ग शेतात भरत. शिकणारे स्वतः कसणारे होते आणि नवे बियाणे त्यांच्याच रानात तपासले जाई.

तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार स्त्रीने या शाळांची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा याने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र रंगवले आहे. वेगवेगळ्या वर्णांची माणसे एका जेवणाच्या मेजाभोवती बसली आहेत आणि मधोमध बसलेला एक सावळा माणूस भाकर मोडून वाटतो आहे. तो चेहरा आपल्या वर्ध्याच्या माणसाचा आहे.

आजच्या भाषेत या शाळांना आपण शेतकरी शेतीशाळा म्हणतो, आणि कृषी विभाग त्या कापूस-सोयाबीनसाठी भरवतो. शंभर वर्षांपूर्वी हे करण्याची गरज का पडली हे विस्तार कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. थंडी आणि कोरड यांची परीक्षा प्रयोगशाळेत पुरी होत नाही. एका गावात दोन मैलांवर दहिवराची तीव्रता बदलते. खोलगट शेतात थंड हवा साचते, उतारावर निसटते. आपल्याकडे नाल्याकाठच्या रानातला हरभरा गारठतो आणि वरच्या माळावरचा वाचतो, तोच प्रकार. ही माहिती फक्त त्या शेताच्या मालकाकडे असते, म्हणून निवडीत त्याचा हात हवा.

खानखोज्यांनी पुढे व्हेराक्रूझ राज्यातल्या हालापा इथेही काम केले. याच राज्यात पापांतलाच्या बाजूला मोगली एरंडाचे असे देशी प्रकार आहेत की ज्यांच्या बिया तिथली माणसे भाजून खातात. आपल्याकडे ज्याच्या बियांनी मुलांना उलट्या होतात, तेच झुडूप तिथे विषारी नाही, कारण लोकांनी पिढ्यानपिढ्या बिनविषारी झाडे निवडून लावली. आपल्याकडे इंधनासाठी रोपे लावली गेली तेव्हा अशा प्रकारांचा, त्यांच्या उताऱ्याचा, त्यांच्या पिकण्याच्या काळाचा आधी दहा-पंधरा वर्षे अभ्यास व्हायला हवा होता.

परत नागपुरात

१९३६ मध्ये खानखोज्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले आणि १९४९ मध्ये ते चाळीसहून अधिक वर्षांनी मायभूमीत आले. इंग्रजांनी तयार केलेल्या जुन्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि मुंबईच्या विमानतळावर त्यांना अडवून ठेवले गेले, असे सांगतात. त्या वेळी ते परत गेले. १९५० च्या दशकाच्या मध्याला मात्र कुटुंबासह कायमचे नागपूरला आले. मेक्सिकोत ज्याला मंत्री आणि शेतकरी दोघे ओळखत होते, तो माणूस नागपुरात एक वृद्ध, जवळपास अनोळखी नागरिक म्हणून राहिला. त्यांच्या अनुभवाचा इथे फार कमी उपयोग करून घेतला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि याच काळात मेक्सिकोचे बी भारतात येत होते. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत गेले. ज्या कार्यक्रमात ते काम करत होते त्याचे ठाणे चापिंगोलाच होते. बोरलॉग यांनी एक पिढी तोलुकाच्या थंड, उंच पठारावर आणि दुसरी सोनोराच्या सखल, उष्ण पट्ट्यात घेऊन गव्हाची निवड केली, त्यामुळे वाण दोन्हीकडे चालणारे निघाले. १९६६ मध्ये भारताने लेर्मा रोहो या मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले. खानखोजे तेव्हा नागपुरात होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला गेला. त्याचे अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांनी केले.

आता आपल्या प्रश्नाकडे

खानखोजे ज्या पुलमनला शिकले, त्याच अमेरिकेच्या वायव्य भागात आता कॅमेलिना नावाचे मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक कोरड्या, थंड रानासाठी तपासले जाते. बी बारीक, पीक कमी दिवसांचे, रोपे गारठा सोसतात आणि तेल ३५ टक्क्यांहून अधिक. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी नौदलाने या तेलापासून केलेल्या इंधनाच्या निम्म्या मिश्रणावर लढाऊ विमान उडवून दाखवले. ही बातमी खरी आहे. पण विमान उडाले म्हणून ते पीक आपल्या काळ्या जमिनीत परवडेल असे होत नाही. कुणी अशा नव्या पिकाचे बी घेऊन आला तर ते आपल्या भागात किती हंगाम आणि कुठल्या रानात तपासले, उतारा काय आला आणि माल लेखी करारावर कोण घेणार, हे विचारा. उत्तर गोलमाल आले तर दोन गुंठ्यांपुढे जाऊ नका.

करडई आणि जवस यांची गोष्ट वेगळी. ती आपलीच पिके आहेत आणि खरी काटक आहेत. करडईचे सोटमूळ भारी जमिनीत दोन मीटरपेक्षाही खोल जाते, हरभऱ्याला न मिळणारी ओल ते ओढते. रोपपणी तीन-चार आठवडे पाने जमिनीलगत पसरून बसतात. त्या अवस्थेत ती शून्याखाली काही अंश गेलेली थंडीही सोसते. खोड वर सरकू लागल्यावर मात्र ही ताकद कमी होते. काट्यांमुळे रोही आणि रानडुक्कर टाळतात, म्हणून हरभऱ्याच्या कडेने चार तासे करडईची धरणारे शेतकरी घाटाखाली अजून आहेत. एवढे असूनही तिचा पेरा घटत गेला. काट्यांमुळे कापणीला मजूर मिळत नाही, उशिरा पेरली की मावा बसतो, आणि सोयाबीन निघेपर्यंत पेरणीची वेळ टळते.

मग ही करडई इंधनासाठी पेरावी का? माझे उत्तर नाही असे आहे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. करडईच्या घाणीच्या तेलाला घरात जो भाव आहे तो डिझेलच्या भावात कधीच भरून निघणार नाही. जवसाचे तेल तर वाळून चिकट थर धरते, इंजिनाला ते मुळीच चालत नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, हे खरे. पण आजच्या ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या इंजिनात कच्चे तेल ओतू नका. ते डिझेलच्या कितीतरी पट घट्ट असते, नोझल चोंदते आणि इंजिन उघडायचा खर्च अंगावर येतो. बायोडिझेल करायला त्यावर रासायनिक प्रक्रिया लागते. इंधनासाठी वापरलेले तळणीचे तेल, करंजीसारखे अखाद्य तेल आधी संपू द्या. बांधावर करंज असेल तर त्याच्या बिया जरूर गोळा करा.

करडई पेरा ती तेलासाठी आणि कोरड्या वर्षाच्या भरवशासाठी. कोरडवाहूत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही वेळ धरा. मूग-उडीद निघालेले रान यासाठी सगळ्यात सोयीचे. हेक्टरी १० ते १२ किलो बी, दोन तासांत ४५ सेंटिमीटर, विरळणी करून दोन रोपांत २० सेंटिमीटर. अकोल्याची एकेएस-२०७, परभणीची पीबीएनएस-१२, फलटणची बिनकाट्याची नारी-६ असे वाण आहेत. मजुराची अडचण असेल तर नारी-६ बघा, पण रोही येणाऱ्या रानात बिनकाट्याची करडई कडेला लावू नका.

आणि खानखोज्यांचे काम आपल्या वाफ्यात करून बघायचे असेल तर तेही अवघड नाही. संकरित बियाण्यावर करू नका, सुधारित किंवा देशी वाण घ्या. थंडीची लाट येऊन गेल्यावर आणि मावा दिसू लागल्यावर, अशा दोन वेळा शेतात फिरा. धुऱ्याजवळची झाडे सोडा, तिथे त्यांना जागा आणि ओल जास्त मिळते आणि ती फसवी ताकद दाखवतात. मधल्या दाटीतली, न करपलेली, मावा कमी असलेली, बोंडे भरलेली तीस-चाळीस झाडे निवडून खोडाला सुतळी बांधा. करडईत मधमाश्यांमुळे थोडा परसंकर होतो, म्हणून शेजारी दुसरा वाण असेल तर निवड त्या बाजूला करू नका. कापणीच्या वेळी ही झाडे वेगळी काढा, प्रत्येकाचे बी वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर क्रमांक लिहा. पुढच्या रब्बीत प्रत्येक पुडीची एक ओळ पेरा, दर पाच ओळींनंतर तुलनेसाठी मूळ वाणाची एक ओळ ठेवा. ओळीच्या तोंडाशी खुंटी ठोकून क्रमांक रंगवा. थंडीत कुठली ओळ करपली, कुठली आधी फुलली, कुठल्या ओळीचे बी किती भरले, हे वहीत तारखेसह लिहा, आणि ती वही तीन रब्बी जपून ठेवा.